खोटी तार

वायेसितो, न्यू मेक्सिको
१४ ऑगस्ट १९२४

एलिसेओ,

ती तार मी केली नव्हती. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचायचं की फाडून टाकायचं ते तुला ठरवता येईल.

‘आई अत्यवस्थ, ताबडतोब निघ. लुगार्दा.’ तारेखाली माझं नाव होतं हे मला तू अंगणात पाऊल टाकलंस तेव्हा कळलं. खाणीतल्या कपड्यांनिशी आला होतास, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. आणि आई पडवीत बसून वाटाणे सोलत होती. पावलं ऐकून म्हणाली, “कोण रे? मेंढरं मोजून झाली का?” तू टोपी काढलीस आणि माझ्याकडे बघितलंस. तसं माझ्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं, सासरी असतानासुद्धा नाही.

तेवढ्यात देवळाकडून दादा आला. त्याच्यामागे तो प्रुइट, दादाच्या प्रचाराचा कर्ताधर्ता, आणि प्रुइटच्या मागे कॅमेऱ्याचं तिकाटणं खांद्यावर घेतलेला फोटोवाला. माझ्या आधी तुला कळलं.

“ऐन गावच्या संताच्या सणाला आलास की!” दादा हात पसरून म्हणाला. “सान लोरेन्सोनेच धाडलं तुला.”

“मला तारेने धाडलं,” तू म्हणालास.

“अरे, आई धडधाकट आहे हे बघून तुला आनंद व्हायला हवा!”

मग तू जे बोललास ते अख्ख्या अंगणाने ऐकलं. “दादा, माझा पोरगा तंबूत तापाने फणफणला होता आणि मी तुरुंगात होतो, तेव्हा मीही तुला तार केली होती. ती खोटी नव्हती.”

फोटोवाल्याने तिकाटणं खाली ठेवलं होतं, ते हळूच परत उचललं. तू आईपाशी बसलास, तिने दोन्ही हातांनी तुझं तोंड चाचपलं, “हाडं वर आलीत रे,” म्हणाली, आणि तू उठून निघालास. तुझी कॉफी तशीच राहिली.

हे सगळं कशासाठी, ते ऐक. विरोधात उभा राहिलेला तो पूर्वेकडचा बँकवाला, कोट्स, त्याच्या वर्तमानपत्राने छापलंय की सिनेटर आर्चिबेके यांचा सख्खा भाऊ त्यांच्याशी हात मिळवत नाही. मग राज्याने तरी का मिळवावा? प्रुइटला त्यावर उत्तर म्हणून एक फोटो हवा होता. मधे आई, दोन बाजूंना दोन लेक.

मी दादाला म्हटलं, “मेंढपाळांच्या गावात लांडग्याची खोटी आरोळी ठोकायची नसते, एवढं आपल्या बाबांनी शिकवलं नव्हतं का?”

तो म्हणाला, “लुगार्दा, एकदा निवडणूक होऊ दे, मी स्वतः जाऊन त्याचे पाय धरीन.”

त्याचं सगळंच निवडणूक झाल्यावर असतं.

माझ्या भावजयीला, क्लेओफासला, आठवण सांग. सुकवलेली सफरचंदं पाठवते आहे. ती तरी खरी आहेत.

तुझी ताई,
लुगार्दा


९ सप्टेंबर

एलिसेओ,

तुझं उत्तर नाही. मीही अपेक्षा धरली नव्हती. पण आईला काहीतरी वाचून दाखवावं लागतं. मी कोऱ्या कागदावरून वाचते, “इकडे सर्व ठीक, खोकला कमी आहे.” ती म्हणते, “अक्षर सुधारलंय का त्याचं?” डोळ्यांना दिसत नसलं तरी काळजी अक्षराची.

मिरच्या लाल व्हायला लागल्या. पाटाला पाणी कमी आहे, त्यावरून वरच्या आळीची आणि आपली जुंपली. उन्हाळा कोरडा गेला, लोकरीला भाव नाही, आणि लोक म्हणतात याला सिनेटर जबाबदार. पाऊससुद्धा वॉशिंग्टनहून येतो असं त्यांना वाटतं.

दादा मागच्या आठवड्यात आला होता. गाडी धुळीने पांढरी, आणि तोही. इकडे आपल्या भाषेत भाषण, पूर्वेला इंग्रजीत. त्यामुळे घसा पार बसलाय. चुलीपाशी बसून बीन्स आणि तिखट खाल्लं. त्याच्या बाईसाहेब वॉशिंग्टनलाच असतात, त्यांना इथली धूळ सोसत नाही.

मी त्याला विचारायचंच ठरवलं होतं. म्हटलं, “दादा, संपात एलिसेओला पकडलं, त्याची तार आली, तेव्हा तू का नाही बोललास? एक शब्द टाकला असतास गव्हर्नरकडे, तर त्याला सोडलं असतं. निदान क्लेओफासला एक छप्पर मिळालं असतं.”

त्याने भाकरीचा तुकडा कुस्करला. मग म्हणाला, “खाणकंपनीच्या विरोधात एक शब्द काढला असता तर आज मी उभाच राहू शकलो नसतो. मग आपल्या लोकांसाठी तिथे कोण बोललं असतं?”

“कोणत्या आपल्या लोकांसाठी?” मी विचारलं.

 पण मी खोटं बोलणार नाही, एलिसेओ. त्या माणसाचं भय खोटं नाही. हे राज्य बारा वर्षांचं. त्याच्या आधी साठ-सत्तर वर्षं वॉशिंग्टनवाल्यांनी आपल्याला दाराबाहेर उभं केलं, का तर आपली भाषा वेगळी, आपण क्रूसापुढे गुडघे टेकतो. दादा तेव्हा तरुण वकील. एकच सूट होता त्याच्याकडे, तो घालून दर हिवाळ्यात आगगाडीने तिकडे जायचा, भांडायचा, परत यायचा. राज्य झाल्याची बातमी आली त्या दिवशी तो पाटाच्या काठावर बसून रडला. तूही त्याला खांद्यावर घेऊन नाचला होतास. त्याला आता वाटतं की तो पडला तर त्या खुर्चीवर आपल्यापैकी कोणी परत बसणार नाही. खरंही असेल. पण तंबूत तापाने गेलेला तुझा बेनितोसुद्धा आपल्यापैकीच होता.

मी त्याला सांगितलं, या खेपेला माझं मत धरू नकोस. बायकांना मत मिळावं म्हणून तू भाषणं केलीस ना? मग भोग आता.

तो हसला. हसताना अगदी बाबांसारखा दिसतो. मला ते आवडलं नाही.

लुगार्दा


६ ऑक्टोबर

एलिसेओ,

आता लिहिते आहे ते खरं आहे. हे तुला कसं पटवू तेच कळत नाही.

काल सकाळी आई शेळ्यांकडे जाताना उंबऱ्यात पडली. उजवं अंग गेलं. तोंड वाकडं झालंय, बोलते, पण जिभेवर दगड ठेवल्यासारखं. डॉक्टर जवळच्या लास वेगास गावाहून येऊन गेला. म्हणाला, दुसरा झटका आला तर संपलं, आणि तो येणारच.

मला ठाऊक आहे तुला काय वाटेल. म्हणून तार केलीच नाही; तारेवर तू विश्वास ठेवणार नाहीस. हे माझं अक्षर आहे, तुला लहानपणी मीच पाटीवर गिरवायला शिकवलं ते. खाली फादर जेरँ यांनी सही केली आहे. बाजूला बोनिफासिया मावशीचा अंगठा आहे. ती म्हणाली, “आणखी कोणाचा पाहिजे? शेळीचा देऊ?” आणि मग शालीच्या टोकाने डोळे पुसले.

दादाला मी अजून कळवलेलं नाही. त्याला कळलं की प्रुइटला कळेल, आणि प्रुइटला कळलं की आपल्या अंगणात परत ते तिकाटणं उभं राहील.

ये. मी रोज संध्याकाळच्या गाडीला माणूस पाठवते आहे.

लुगार्दा


२७ ऑक्टोबर

एलिसेओ,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. ‘सिनेटरसाहेबांना सांग, त्याच मरणाला मी दोनदा येत नाही.’

मला राग आला नाही. कार्ड चुलीत टाकलं, कारण फादर कधीमधी टेबलावरचं वाचतात.

आईला आता काही गिळवत नाही. मक्याची पेज चमच्याने ओठांना लावते. पूर्वी ती हात फिरवून माणूस ओळखायची. आता उजव्या हाताला स्पर्श कळत नाही, आणि डावा सारखा थरथरतो. नुसत्या आवाजावर ओळखते. कोणी दारात आलं की विचारते, “एलिसेओ आला का?” दूधवाला आला तरी तेच.

काल दादा आला. त्याला कोणी सांगितलं देव जाणे, पण एकटा आला, प्रुइटला गाडीसकट चौकात ठेवून. तिच्या उशाशी बसून होता. तासभर असेल. त्याने हाक मारली, तिने ओळखलंही, “दोनासियानो, बाळा, जेवलास का?” म्हणाली. आणि लगेच, “एलिसेओला आण.”

तो बाहेर आला. पडवीत प्रुइट येऊन बसला होताच. प्रुइटने त्याला सगळं समजावून सांगितलं, मी ऐकत होते. हा शेवटचा आठवडा. पूर्वेकडच्या कापूसवाल्या गावांत रोज सभा आहेत, तिथेच निवडणूक ठरणार, गाड्या ठरल्यात, बँड ठरलाय. दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “किल्ली दे.”

“कुठे जाणार?”

“भावाकडे.”

“सिनेटर, तुम्ही निवडून येणार नाही.”

“किल्ली दे, प्रुइट.”

आज पहाटे तो एकटा निघाला. रातोनच्या घाटात बर्फ पडतंय म्हणतात, आणि त्याला गाडी नीट चालवता येत नाही, हे तुला माहीतच आहे. हे पत्र पोचायच्या आधी तो पोचेल, तेव्हा लिहून उपयोग नाही. तरी लिहिते. दार उघड, एलिसेओ. त्याच्यासाठी नको. माझ्यासाठीही नको.

लुगार्दा


९ नोव्हेंबर

एलिसेओ,

आई गेल्याचं तुला कळलं असेल. फादरनी तिथल्या पाद्र्यांना कळवलं होतं. सर्व संतांच्या दिवशी बाबांच्या शेजारी तिला ठेवलं. जमीन गोठलेली होती, सगळ्या आळीने आळीपाळीने कुदळ मारली.

दादाने मला हे लिहू नको म्हणून सांगितलंय. त्याचं मी आजवर बरंच ऐकलं.

बुधवारी दुपारी गाडीचा आवाज आला तशी मी धावत बाहेर गेले. पलीकडची जागा रिकामी होती. दादा उतरला. त्याच्या बुटावर थुंकीसारखं काहीतरी वाळलेलं होतं. काय ते मी विचारलं नाही, फडक्याने पुसून काढलं. तू तीन बोटांएवढी खिडकी उघडलीस म्हणे. “फोटोवाला कुठाय?” असं विचारलंस.

“कोणी नाही, एलिसेओ. मी एकटा आलोय.”

“मग तो पुढच्या वळणावर असेल,” म्हणालास, आणि खिडकी लावून घेतलीस. पुढे खाणीचा भोंगा होईपर्यंत दादा रस्त्यावर उभा होता, आणि तू मागच्या दाराने खाणीवर गेलास. एवढंच त्याने सांगितलं. तुला दोष दिला नाही. मीही देत नाही. ज्याला एकदा असं बोलावलं, तो दुसऱ्यांदा का येईल? पण त्या दिवशी वळणावर कोणी नव्हतं. हे तुला कळायला हवं.

गुरुवारी जेवणवेळ टळून गेल्यावर आईने डोळे उघडले. फादर शेवटचं पवित्र तेल लावून गेले होते. मी उशाशी, दादा पायथ्याशी उभा.

“एलिसेओ आला?” तिने विचारलं.

मी रोजच्यासारखं ‘निघालाय’ म्हणणार होते. तेवढ्यात दादाने टोपी खाली ठेवली, पलंगाच्या बाजूला येऊन गुडघे टेकले आणि म्हणाला, “आलो, आई.”

तुम्हा दोघांचा गळा बाबांचाच. पण ‘आई’ म्हणताना तू शेवट ओढतोस, तो तोडतो. त्याने ओढला. एलिसेओ, मी डोळे मिटले असते तर मीसुद्धा फसले असते.

“उशीर केलास,” आई म्हणाली.

“घाटात बर्फ होतं.”

“खोकला आहे का अजून?”

“नाही. बरा आहे.”

तिने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, “तुझ्या बेनितोकडेच चालले आहे मी. काय सांगू त्याला?”

मला वाटलं, आता संपलं, आता याच्या तोंडून हुंदका फुटणार आणि तिला कळणार. त्याने चादरीची कड दातात धरली. मग सोडली आणि म्हणाला, “सांग त्याला, काकाला फार उशीर झाला.”

“दोनासियानोला?” आई म्हणाली. “त्याला नेहमीच होतो. आताही नाही ना आला?”

मी दादाकडे बघितलं. अजून सांगता आलं असतं. ‘मी इथेच आहे, आई, मीच दोनासियानो,’ एवढंच. मरणाऱ्या आईच्या तोंडून आपलं नाव ऐकायला माणूस काय देणार नाही?

“नाही आला,” तो म्हणाला.

“मतं गोळा करत असेल. करू दे. तू त्याचा राग धरू नकोस, बाळा. लहानपणापासून त्याला सगळ्यांना आवडायचं असतं. तसल्या माणसाचे फार हाल होतात.”

मग तिने डावा हात उचलायचा प्रयत्न केला. मी मनगटाला आधार दिला. तिने त्याच्या कपाळावर क्रूस काढला, वेडावाकडा, आणि म्हणाली, “एलिसेओ, माझ्या लेकरा, तू काळोखात काम करतोस. देव तुला रोज उजेडात परत आणो. तुझं घर भरो. तुझ्या मनातलं कडू निघून जावो.”

मला राहवलं नाही. म्हटलं, “आई, आणि दादाला काही?”

तिने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, “तो आला की वाढ त्याला. बाहेर नीट जेवत नाही तो.”

त्यानंतर ती बोलली नाही. शेळ्या परत यायच्या वेळेला गेली.

बायका जमल्या, बोनिफासिया मावशीने जपमाळ सुरू केली. मी स्वयंपाकघरात जाऊन ताट वाढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. तो खाली मान घालून जेवला. डोळ्यांतून धारा लागलेल्या, नाक गळतंय, आणि एकेक घास गिळतोय. ताट स्वच्छ केलं. सिनेटमधली सहा वर्षं, ते सूट, ती भाषणं, सगळं त्या चुलीपाशी गळून पडलं होतं. एखाद्या शिक्षा झालेल्या मुलासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी प्रुइट आला. बरा माणूस आहे तो, टोपी काढून आईपुढे उभा राहिला. पण नंतर दादाला बाजूला घेऊन म्हणाला, “कोट्सचे लोक सांगत सुटलेत की सिनेटर घाबरून पळाला, पूर्वेकडे तोंड दाखवत नाही. एक ओळ छापू द्या. आई गेली, तुम्ही तिच्याजवळ होतात. खरंच आहे ना ते? शेतकरी माणसं आहेत तिकडची, त्यांनाही आया आहेत. चित्र पालटेल.”

दादा म्हणाला, “आईचं मरण मी एकदा वापरलंय. आता पुन्हा नाही.”

“पण ते खोटं होतं. हे खरं आहे.”

“म्हणूनच,” दादा म्हणाला.

मंगळवारी शाळेत मतदान झालं. मी काळे कपडे घालून गेले. मी त्यालाच मत दिलं, एलिसेओ. तुला आवडणार नाही, पण सांगितलेलं बरं. आपलं गाव सगळं त्याच्या बाजूने गेलं, डोंगरातली गावंही गेली. पूर्वेकडे तो पार बुडाला. बातमी आली तेव्हा तो अंगणात लाकडं फोडत होता, वाईट फोडतो, सगळ्या ढलप्या. प्रुइटने सांगितलं, त्याने मान डोलावली आणि पुढचं लाकूड घेतलं. आता बारा वर्षांच्या या राज्याच्या वतीने तिथे कोट्स बसेल. आपल्या भाषेत त्याला ‘कसे आहात’सुद्धा म्हणता येत नाही.

काल दादाला विचारलं, “असं का केलंस? ती तुझी शेवटची भेट होती. तुझं नाव तिने घेतलं असतं, तुला आशीर्वाद दिला असता.”

तो म्हणाला, “तिला तो हवा होता. त्याला मीच येऊ दिलं नाही. मग दुसरं काय देणार होतो मी तिला?” आणि मग, “हे त्याला कळवू नकोस. त्याला वाटेल, यातही मी काहीतरी मिळवायला बघतोय.”

कळवते आहे, कारण आशीर्वाद तुझा आहे. तुझ्या नावाने दिलेला, तुझ्या खाणीसाठी, तुझ्या घरासाठी. कपाळ तेवढं दुसऱ्याचं होतं. तो मी इथे ठेवून काय करू? आणि दादाला तर तो अंगावर वागवता येत नाही. दिवसातून दहादा तो कपाळावरून हात फिरवतो, काहीतरी चिकटल्यासारखा.

दादाला माफ कर असं मी म्हणत नाही. ते तुझं तू आणि बेनितो बघा.

पण हे वाचून झालं की टोपी काढ आणि गुडघ्यांवर बस. वर लिहिलेले तिचे शब्द क्लेओफासला मोठ्याने वाचायला सांग, आणि तुझ्या कपाळावर क्रूस काढायला सांग. डाव्या हाताने काढू दे. आईचा उजवा चालत नव्हता.

तुझी ताई,
लुगार्दा